तिसऱ्या गावचा कायदा

प्रिय कालमेत दादा,

तुमच्या फळतोडणीच्या तुकडीत नव्याने आलेल्या पोरांच्या हाती आईने चटई आणि लोकरीची टोपी पाठवली होती, ती मिळाली का ते कळव. क्वीन्सलँडमध्ये या दिवसांत सकाळी हात गारठतात असं तू म्हणाला होतास. आईला मात्र एकच काळजी आहे, तिथे चटईवर कुणी बसतं का. खुर्चीवर घालून बसेल, असं मी तिला सांगितलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी घाबरते आणि शेवटचं आधी सांगून टाकते. शिवाय तुझा फोन घरी लागतो तेव्हा बाबा शेजारीच बसलेले असतात. म्हणून लिहिते आहे. मी इथे पोर्ट व्हिलात बुले बाईंच्या वकिली ऑफिसात कागद तपासते हे तुला ठाऊकच आहे. प्रत्येक कागद मी दोनदा वाचते म्हणून बाई चिडवतात, 'तुझ्या हाती लग्नपत्रिका दिली तरी तू तिच्यात खोट काढशील.' हसतात, पण मग स्वतः तपासलेले कागदही माझ्याकडेच सरकवतात.

तू गेलास तेव्हा पर्यटन कंपनीच्या रसेलच्या पांढऱ्या बोटी आपल्या खाडीत नुकत्याच येऊ लागल्या होत्या. तेव्हा आपल्याला त्यांचं कौतुकच होतं. पाहुणे काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघायचे आणि पोरं किनाऱ्यावर शहाळी सोलून द्यायची. पण नांगर रोज त्याच जागी पडतात रे. खाडीच्या तोंडाशी जिथे आपण पोपटमासे मोजायचो, तिथे आता पांढरा चुरा आहे. बाबा गेल्या महिन्यात होडीतून तिथे गेले आणि बराच वेळ पाण्यात बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाडीच्या तोंडाशी दोन खांब रोवले आणि त्यांना बंदीची खूण म्हणून नामेलेची पानं बांधली. खाडी बंद. बोटींनाही आणि आपल्यालाही. तेव्हापासून आई कंद किसून केलेल्या लाप्लापमध्ये डब्यातला मासा घालते, आणि काका ताटाकडे बघून विचारतात, 'वहिनी, हा मासा पोहायला कुठल्या शाळेत गेला होता?'

दोन दिवस बोटी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या. खांब बाजूला ढकलला गेला आणि पानं पाण्यात पडली. बोटीवरच्या माणसांना कदाचित ती नुसती पानं वाटली असतील, त्यांनी ते चिडून केलं असं मी म्हणणार नाही. पण कालताऊ काकांनी ती पानं पाण्यातून उचलून आणली तेव्हा त्यांच्या तोंडून विनोद निघाला नाही, यावरून काय ते समज. काकांनीच रसेलला निरोप दिला, की दंड म्हणून सुळे वळलेला डुक्कर घेऊन ये, गावच्या सभाघरात, फारेआत बस, बोल, म्हणजे गोष्ट मिटेल. रसेल नम्रपणे म्हणाला, ऑफिसला विचारून सांगतो. तो वाईट माणूस नाही, हे लिहायला हवं. आईच्या दातदुखीला गोळ्या त्यानेच आणून दिल्या होत्या.

तो डुक्कर घेऊन आला नाही. का आला नाही, हे मला इथे ऑफिसात बसून बोटींचा करार वाचला तेव्हा कळलं.

करार झाला त्या दिवशी मी सुट्टीला घरी होते. तू व्हिसाच्या कामासाठी व्हिलात होतास. पुरुष फारेआत बसले होते आणि आम्ही बायका बाहेर चुलीपाशी रताळी सोलत होतो, त्यामुळे आतलं मला काकांकडूनच कळलं. रसेलने दुभाषा आणला होता. पोरगा हुशार होता, त्याने एकेक ओळ बिस्लामा बोलीत फोडून सांगितली. बोटी किती, कुठल्या दिवशी, रविवारी नाही, दफनभूमीकडे नाही. बाबांनी दोन ठिकाणी हरकत घेतली आणि दोन्ही ठिकाणी रसेलने कागद बदलला. काका अजून अभिमानाने सांगतात, की सरपंचांनी साहेबाला दोनदा वाकवलं. मग बाबा म्हणाले, 'माझं बोलणं झालं,' आणि काठी जमिनीवर टेकवली. काव्हाचा कडू काढा ओतायला सुरुवात झाली.

दुभाष्याकडे मात्र शेवटचं पान उरलं होतं. त्याने ते वाचलं. आपल्याकडे काठी टेकली आणि करवंटी भरली की सभा संपते. त्यानंतर जे बोललं जातं ते पाहुण्याचे आभार, देवाचं नाव, वाऱ्यापावसाची चौकशी. ते कुणी ऐकत नाही, ऐकणं हाच आगाऊपणा. सगळे आवाज खाली आणून समुद्राकडे बघतात. बाहेर चुलीपाशी आम्हीसुद्धा कुजबुजायला लागलो होतो. दुभाष्याचा आवाज त्या शांततेत हळू हळू चालू राहिला आणि रसेलला वाटलं, कुणाचीच हरकत नाही. मग त्यानेही काव्हा प्यायला. काका म्हणतात, सासूच्या हातचं पहिल्यांदा जेवतोय असं तोंड केलं होतं बिचाऱ्याने.

त्या शेवटच्या पानावर लिहिलं आहे, की या कराराला सिंगापूरचा कायदा लागू राहील, आणि वाद झाला तर तो फक्त तिथल्याच कोर्टापुढे जाईल.

मी ते दोनदा वाचलं. सिंगापूर का? रसेल तिथला नाही, आपण नाही, खाडी तर नाहीच. बुले बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच. दोघांपैकी कुणाचाच नाही असा कायदा निवडतात, म्हणजे कुणाला झुकतं माप नको. दादा, मला हे पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त भीती वाटली. आपल्याकडे वेगळं काय होतं? बाबांनी आपल्याला शाळेत घालण्याआधी वाळूवर अक्षरं शिकवली आणि अक्षरांबरोबर तंटे शिकवले. तुझी कोंबडी शेजाऱ्याच्या कुंपणात अंडी घालते, अंडी कुणाची? तू लगेच उत्तर द्यायचास आणि बाबा म्हणायचे, 'आधी विचार, हे कुठल्या फारेआचं भांडण आहे.' आणि दोन गावांचं असेल तर? तर तिसऱ्या गावच्या फारेआत. म्हणजे बाबांना कुणी बसून समजावलं असतं, तर तिसऱ्या गावाला ते कदाचित नाही म्हणालेही नसते. पण त्यांनी आधी विचारलं असतं, की तिथे चालत जाता येतं का, आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी ही खाडी कधी पाहिली आहे का.

तुझ्या मजुरीच्या करारातही कायदा लिहिलेला आहे, मी तो तुला पाठवण्याआधी वाचला होता. क्वीन्सलँडचा. त्यात मला काही वावगं दिसलं नाही, कारण तू तिथेच उभा राहून फळं तोडतोस.

मी बाईंना म्हटलं, पण बाबांनी ते पान ऐकलंच नाही, आमच्या रीतीने सभा संपली होती, मग ते पान लागू कसं? बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, चांगला मुद्दा आहे, पण हा मुद्दा तू मांडणार कुठे? ते पान लागू आहे की नाही हे ठरवायला बसलीस, तर समोरचे ते पानच पुढे करतील आणि म्हणतील, तिथे जाऊन विचारा. त्या कायद्यात नामेलेचं पान हा अडथळा आहे, दादा. बंदी नाही. वाट अडवणारी वस्तू. ती ज्याने बांधली तो करार मोडणारा, ज्याने काढली तो नाही. आणि तिथे आपण उभेच राहिलो नाही, तर समोरच्याचं ऐकून निकाल लागेल आणि खाडी कुणी बंद करायची हा अधिकार आपल्याकडून जाईल. एकदा गेला की पुढचं प्रवाळ उगवायचं नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या दारात एक माणूस आला. आपल्याच भाषेत बोलत होता, शेजारच्या बेटावरचा असावा. त्याने चप्पल बाहेर काढली आणि अदबीने विचारलं, 'ताई, कालपोई सरपंचांची लेइनासेई ती तूच ना?' बुले बाई आतून काहीतरी बोलल्या, बहुतेक मला थांबवायला. पण बापाचं नाव घेऊन कुणी विचारलं तर नाही म्हणायचं नसतं, हे आपण अक्षरांच्याही आधी शिकलो. मी हो म्हटलं. त्याने पाकीट माझ्या हातात ठेवलं, 'वाईट वाटून घेऊ नकोस' म्हणाला आणि गेला. मग बाईंनी मला त्याच शेवटच्या पानाची खालची ओळ दाखवली. व्हिलातला पत्ता हवा होता म्हणून बाबांनी माझं नाव दिलं होतं. कोर्टाची नोटीस माझ्या हातात पडली, की बाबांना पोचली. पाकीट फोडायचीही गरज नाही.

मी शनिवारी बोटीने घरी गेले आणि बाबांना सगळं सांगितलं, एकही ओळ न गाळता. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी हसले. म्हणाले, 'पोरी, शब्द कुणाला बांधतो? ज्याने त्या दिवशी काव्हा प्यायला त्याला. कागदावर कालपोई सरपंच आहे ना? मग कालपोई सरपंच राहणार नाही.' नव्या याम कंदांच्या सणाला ते सरपंचपदाची काठी खाली ठेवणार आहेत. तू त्या दिवशी फारेआत नव्हतास, काव्हा प्यायला नव्हतास, म्हणून तू मोकळा. तू सरपंच होशील, नव्याने पानं बांधशील, आणि कागद कुणाकडे बोट दाखवणार? काका मांडीवर थाप मारून म्हणाले, 'साहेबाला तिसऱ्यांदा वाकवलं.' मी सांगायचा प्रयत्न केला. कागदात 'सरपंच आणि त्याच्या मागून काठी धरणारे' असं लिहिलं आहे, आणि तुमची रीत चालेल की कागदाचा शब्द, हे पुन्हा तोच कायदा ठरवणार आहे. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. 'तू फार वाचतेस,' म्हणाले. रागाने नाही. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्याच दुपारी परतीच्या बोटीतून मला खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या बोटी दिसल्या. पूर्वीपेक्षा जास्त होत्या, आणि सगळ्या नांगर टाकून उभ्या होत्या.

दादा, पुढच्या आठवड्यात बाबा तुला फोन करतील. सणाला ये म्हणतील, कारण सांगणार नाहीत, तिकीटही काढून झालं आहे. तू आलास की सगळ्या गावासमोर तुझं नाव पुकारतील आणि तुला 'हा मी' म्हणावं लागेल. तू ते म्हटलंस, की त्या कागदावर बाबांच्या जागी तू असशील, आणि त्यातून सुटायची वाट ज्या कायद्यात शोधायची तो कायदा तुझ्या ओळखीचा नसेल. गप्प राहिलास, तर काठी जमिनीवर पडून राहील. तिला धरणारा नसेल तर पानं बांधणाराही कुणी नाही, आणि मग खाडी सिंगापूरच्या निकालाआधीच गेली. सुरुवातीपासून मला 'येऊ नकोस' असं लिहायचं होतं. दोनदा लिहिलं आणि दोनदा कागद फाडला, कारण ते ठरवणं माझं काम नाही. बाबांनी होकार दिला तेव्हा तो कुठल्या कायद्याला देताहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगितलं. आता तू काय उत्तर देतोस याची वाट बघण्याखेरीज माझ्या हातात काही नाही, आणि मला खूप भीती वाटते आहे.

तुझीच,
लेइनासेई