अकोटला जाण्याआधीच्या गोळ्या

गुरुवार, २२ जानेवारी
रविवारी नितेशच्या घरी अकोटला गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं जेवण. त्याची आई, मनकर्णाबाई, मला पहिल्यांदा भेटणार. हा बघण्याचा कार्यक्रम नाही. नितेशला दोनदा स्पष्ट सांगितलं. पसंतीची मला चिंता नाही. फक्त पोट बिघडता कामा नये. गेल्या वर्षी अकोल्याच्या एका लग्नात पाणी प्यायले आणि दोन दिवस वाया गेले. मी क्वालिटी इंजिनियर आहे. दोष होण्याआधीच रोखायचा. उपाय: आधीच अँटिबायोटिक.

शुक्रवार, २३
मैत्रीण प्रतीक्षाचं मेडिकल आहे. चिठ्ठीशिवाय देणार नाही म्हणाली. वर, "अकोटले जाऊन राहिली का अंटार्क्टिकाले? त्या गोळ्यांनंच पोट बिघडते व! हात धुऊन जेव."
भावनिक सल्ला. घरी बाबांच्या दाढदुखीच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या उरल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ एक. सुरुवात केली.

शनिवार, २४. दु. ४
पोटात किंचित हालचाल. औषध लागू पडतंय.
सायं. ६.३०
तीन वेळा. नमुना लहान आहे; निष्कर्ष काढणार नाही. गोळी वेळेवर घेतली.

रविवार, २५. स. ९.४०, दर्यापूर स्टँड
एसटी इथे दहा मिनिटं थांबते. आज अठरा थांबली. कंडक्टर म्हणाले, "आरामात या मॅडम, गाडी पयून नाही जात." सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघितलं.

दु. १२.१५, अकोट
नमस्काराच्या आधी बाथरूम विचारावं लागलं.

दु. २
अंगणात रोडगे, वांग्याची भाजी, तूप. वीस माणसं जेवली, वीसही ठणठणीत. मला ताकभात. काय खाल्लं होतं, असं मनकर्णाबाईंनी विचारलं. खोटं रचायला वेळ नव्हता.
"म्हंजे आमच्या घरचं खाऊन बिमार पडशीन म्हनून आधीच गोळ्या?"
मी म्हटलं, तत्त्वतः हो.
संपलं, असं वाटलं. मग त्या नवऱ्याकडे, किसनरावांकडे वळल्या. "आयकलं का? पोरगी रोडगे पचवाची तयारी करून आली, अन् आता भात खाऊन राहिली!"
किसनराव ठसका लागेपर्यंत हसले. नितेशही. त्याची नोंद घेतली आहे.

सायं. ५, अकोट स्टँड
निघताना त्यांनी कुंकू लावून ओटी भरली. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस आणि ओआरएसची चार पाकिटं. "पुढच्या ऐतवारी पुन्हा लावतो रोडगे. गोळ्या नोको, भूक घेऊन ये."
माझ्या डोळ्यांत पाणी आलं, असं सोडायला आलेला नितेश म्हणतो. शरीरात शिल्लक असलेलं पाणी पाहता ते शक्य नाही.