ढिगाऱ्यापाशी काढलेले बूट

शनिवार, संध्याकाळ. नीलेशचं घर, स्कॉटलंड.

पाय अजून गार आहेत, पण चढले मी. अख्खा डोंगर चढले. सकाळी नीलेश म्हणाला होता, "आई, गुडघा दुखंल तुझा. तू खाली गाडीतच बस." परदेशात राहायला आला म्हणून हा पोरगा विसरला की काय, आई नेरळहून माथेरान पायी चढायची ते?

वर एक झाड नाही की माकड नाही. नुसता वारा आणि पिवळं गवत. माथ्यावर दगडांचा ढीग. येईल तो त्यावर एक दगड ठेवतो. आपल्या घाटवाटेवरच्या वाघोबाला ठेवतात तसाच. मी सवयीने बूट काढले, दगड ठेवला, हात जोडले. मोजे भिजले. भिजू देत.

लोक बघायला लागले तसा नीलेश ओशाळला. "आई, देव नाय तो. नुसता ढिगारा हाय. बूट घाल गं."

"मग तू कशाला दगड ठेवलास रं?"

तो खाली वाकला. मला वाटलं, माझे बूट उचलतोय. तर स्वतःच्या बुटाची नाडी सोडत होता.

पाय गारच आहेत अजून. समोर हीटरवर दोघांचे मोजे वाळताहेत.