सकाळी घट्ट, दुपारी सैल

श्री

मेढा, मालवण
४ जानेवारी १९५९

चि. सत्यवतीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. हौशी बिनतारीची परीक्षा पास झालीस आणि लायसनचा कागद लवकरच हातात पडेल, हे वाचून तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली. मी लगेच बाजारात जाऊन आलो. बाजारात माझे काही काम नव्हते, चार माणसांना सांगायचे होते एवढेच. मासळीवाल्या काशीबाईने विचारले की म्हणजे पोर आता बापासारखी बोटीवर जाणार काय. मी म्हटले, बापाला बिनतारीसाठी बोटीवर जावे लागले, ही घरात बसून दुनियेशी बोलेल. जरा वाढवून सांगितले, पण बापाने एवढे करायला हरकत नाही.

आता तू लिहिलेस की हवेतली पहिली हाक मलाच देणार. सत्यवती, ती दुसऱ्या कोणाला दे. पुण्याला, हैदराबादला चांगले चांगले लोक आहेत. माझ्याने आता स्टेशन लावायचे बटण फिरत नाही. रोज सकाळी सेटवर बसतो, बोटे लावतो, ते जागचे हलत नाही. जोर लावला की एकदम उडी मारून हव्या त्या जागेच्या पुढे जाते, आणि मागे आणायला गेलो की तीच गत. सेट लष्कराच्या मोडीतला, जुना आहे, पण त्याच्यावर खापर फोडणार नाही. कारण तेच बटण तुझ्या आईच्या हाताने फिरते.

दोष माझ्या हाताचा आहे. आमच्या वडिलांचा उजवा हात असाच आधी बोटांपासून गेला. शेवटी त्यांना पेज भरवावी लागे. तू तेव्हा पाळण्यात होतीस. आपली मुलगी पहिली हाक देते आहे आणि बाप इकडे चाचपडतो आहे, हे मला सोसणार नाही. फोंडाघाटचा सत्यवान, रेडिओ दुरुस्त करतो तो, सेट मागतच होता. शिमग्यापर्यंत त्याला देईन आणि माझे लायसन परत पाठवीन. यावर वाद घालू नकोस.

शिवामामाच्या गच्चीवर तार बांधलीस ती चिमण्या बसण्याइतकी खाली नको. मामा-मामींना माझा नमस्कार सांग. माया आहे तशीच असू दे.

तुझा बाबा,
हरिश्चंद्र

•

श्री

मालवण
९ जानेवारी १९५९

चि. सत्यवतीस आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे. पोस्टात टाकायला शेजारच्या विमलाकडे देईन, कारण हे स्वतः पोस्टात गेले तर पाकीट उजेडात धरून बघतील.

त्यांचं पत्र तुला मिळालं असेल. त्यात सगळं लिहिलं नसणार. ते आता डाव्या हाताने जेवायचा सराव करतात. परवा डाव्या हाताने दाढी करायला गेले आणि हनुवटी कापून घेतली. मी विचारलं की हे काय चाललंय, तर म्हणाले की माझो हात गेलो, आता आतापासून सवय केलेली बरी. आणि हाच माणूस त्या दिवशी दुपारी त्याच गेलेल्या हाताने शेंड्या धरून चार नारळ सोलून बसला होता! मी बोलून दाखवलं तर म्हणाले, नारळ येगळो आणि सेट येगळो, तुका काय समाजता.

चूक माझीही झाली. जेवणं उरकल्यावर मी पडवीत सेटवरची धूळ पुसते, तेव्हा ते बटण माझ्या एका बोटाने फिरलं. मी भोळेपणी सांगून बसले. तेव्हापासून माझ्या हाताकडे असे बघतात, जणू मीच त्यांची बोटं चोरली. दुपारी सेटच्या जवळ जात नाहीत, कारण मी तिथे असते आणि मला दिसेल म्हणून.

त्या पेटीचं मी काय कमी केलं गो? रोज पुसते, कापडाने झाकते, खंडेनवमीला कोयती-विळीबरोबर पुजते, तेलपाणी बघते. आणि आता ती फोंडाघाटला जाणार. ती गेली की हे काय करतील याचीच मला धास्ती आहे. बोटीवरून घरी आले तेव्हा सहा महिने समुद्राकडे पाठ करून बसले होते, त्यांना त्या पेटीने उठवलं. तू काहीतरी कर. तुझं ते ऐकतात, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त ऐकतात.

वजन कमी झालंय असं मामी लिहिते. भात नीट जेव. आशीर्वाद आहेतच.

तुझी आई,
नर्मदा

•

श्री

विलेपार्ले, मुंबई
१४ जानेवारी १९५९

तीर्थरूप बाबा आणि आईस सत्यवतीचा शि. सा. न. वि. वि.

आज संक्रांत. तिळगूळ पाठवते आहे, वाटेत त्याचा भुगा झाला तर तसाच गोड मानून घ्या. आणि गोडच बोला, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावर घरात आवाज चढण्याचा संभव आहे.

बाबा, तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही. आईने मला सगळं कळवलं आहे, तिच्यावर रागावू नका. हात जातो तो सकाळी जाऊन दुपारी नारळ सोलायला परत येत नाही. तुम्ही बटण फक्त सकाळी फिरवता, आई फक्त दुपारी फिरवते. ते सकाळी घट्ट असतं आणि दुपारी सैल होतं, मग हात कोणाचाही असो. तुम्ही दोघांनी वेळा बदलल्या असत्या तर डाव्या हाताने जेवायची पाळी आईवर आली असती.

तरी सैल का होतं ते मला कळत नव्हतं. आज सकाळी न्हायला जाताना मामीची खोबरेलाची बाटली उपडी केली, तर थेंब पडेना. थंडीने पार थिजलेलं. गॅलरीत उन्हात ठेवली तेव्हा पातळ झालं. मी तिथेच ओरडले, मामी घाबरून बाहेर आल्या. आई, खंडेनवमीला तू पेटीला तेल दिलंस ते घाण्याचं खोबरेलच ना? आणि दिलंस ते बटणाच्या कडेने, जसं कुलपाला देतेस तसं? दसऱ्याला उकाडा होता, तेव्हा कोणाला समजलं नाही. थंडी पडली आणि आत तेल गोठलं. पडवीत दुपारी पश्चिमेचं ऊन येतं, तेव्हा ते सुटतं.

बाबा, खोटं वाटत असेल तर सकाळी सेट बंद ठेवून गरम पाण्यात पिळलेलं फडकं बटणावर धरून बघा. मग बटणाच्या बगलेतला बारीक स्क्रू सोडवा, बटण ओढून काढा, मागचा दांडा आणि दाते रॉकेलच्या चिंधीने पुसा. वाळलं की शिवणाच्या मशीनचं तेल, काडीच्या टोकाने, एकच थेंब. हे सगळं तुम्हीच मला शिकवलंत आणि मी ते तुम्हालाच सांगते आहे, हा आगाऊपणा आहे. पण पहिली हाक मी तुमच्याशिवाय कोणाला देणार नाही. तुम्ही नसाल तर कागद मिळाला तरी सेट झाकून ठेवीन. मी हट्टी आहे, आणि कोणावर गेले ते आईला विचारा.

तुमच्या मायेची सदैव भुकेली,
सत्यवती

•

श्री

मेढा, मालवण
२२ जानेवारी १९५९

चि. सत्यवतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिळगुळाचा भुगाच झाला होता. चमच्याने खाल्ला. उजव्या हाताने.

तुझे पत्र वाचून आधी राग आला, ते कबूल करतो. रेडिओच्या कारखान्यात चार दिवस तारा जोडल्या आणि बापाचे दुखणे पत्राने ओळखायला निघाली, असे वाटले. म्हणून सकाळी मी आधी स्वतःचा हात गरम पाण्यात धरला. माझा संशय अजून हातावरच होता. हात चांगला शेकला, बटण तसेच. मग फडके बटणावर धरले. थोड्या वेळाने बोट लावले, तर बटण असे फिरले की मी दचकलो. नंतर मी ते पुढे-मागे फिरवतच बसलो. तुझी आई दोनदा डोकावून गेली.

तो बारीक स्क्रू मीच सोडवला. बोटे स्थिर होती. आत दात्यांमध्ये तुपासारखे पांढरे थिजलेले होते आणि त्यात कुंकवाची लाली. तुझ्या आईला विचारले, तर ती म्हणाली की कोयत्याक तेल, विळयेक तेल, मशीनीक तेल, मग तुमच्याच हत्याराक उपाशी ठेवचा होता काय. वीस वर्षे बोटीवर काढली, पण माझ्या सेटला माझे हत्यार म्हणून कोणी पुजले नव्हते. तिला म्हटले, पुढच्या खंडेनवमीला कुंकू लाव, फूल वाहा, तेल मात्र मी घालीन.

सगळे पुसले, एक थेंब तेल दिले. आता बटण सकाळीही फिरते. फोंडाघाटला सत्यवानास कळवले की सेट मिळणार नाही. मी पुन्हा बाजारात गेलो होतो. मुलीने तीनशे मैलांवरून बापाच्या सेटचा रोग ओळखला, असे सांगितले. या खेपेला वाढवून सांगायची गरज पडली नाही. सत्यवती, मला तुझा फार अभिमान वाटतो. हे तोंडाने सांगता आले नसते, म्हणून लिहितो.

कागद मिळताच तार कर. पुढच्या रविवारपासून सकाळी सात वाजता मी सेटवर बसेन, तू हवेत येईपर्यंत प्रत्येक रविवारी.

तुझ्यावर लोभ ठेवणारा,
बाबा

•

श्री

मालवण
९ फेब्रुवारी १९५९

चि. सत्यवतीस आईचे पोटभर आशीर्वाद.

काल तू हवेतून आलीस तेव्हा इकडे काय झालं ते तुला कळायला हवं, आणि हे काही ते लिहिणार नाहीत. म्हणून मी लिहिते.

तुझी तार आल्यापासून त्यांना झोप नव्हती. काल पहाटे उठून दाढी केली, धुतलेला सदरा घातला. विमला, काशीबाई, निम्मी मेढ्याची वाडी अंगणात जमली होती. सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. मला मात्र शेजारी बसू दिलं आणि कानाला लावायचं असतं त्याची एक बाजू माझ्या कानाला दिली. थंडी चांगली होती. ते बटण इतकं हळू फिरवत होते, जशी दुधावरची साय काढतात. आधी नुसती खरखर. मग तारेच्या भाषेतलं बारीक, स्वच्छ टिक टिक सुरू झालं आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. तीच आसा, एवढंच म्हणाले. मला त्यातलं काही समजत नाही, पण माझी मुलगी बोलते आहे हे मला समजलं. मी डोळ्यांना पदर लावला, ते मात्र लिहीत होते, मधूनमधून खटका दाबून उत्तर देत होते, हात जराही कापत नव्हता.

सगळं आटोपल्यावर लोकांनी विचारलं की एवढा वेळ काय बोललात. तेव्हा ते म्हणाले की घरची खुशाली हवेत बोलायची नाही, तसा सरकारी नियम आहे. आपल्या स्टेशनची खूण सांगायची, आवाज कसा येतो ते सांगायचं आणि समोरच्याचं नाव-गाव विचारायचं. काशीबाई हसायला लागली की स्वतःच्या मुलीला नाव विचारलंत! ते म्हणाले, नियम म्हणजे नियम. तू काय सांगितलंस ते त्यांनी मला कागदावर दाखवलं. सत्यवती हरिश्चंद्र.

पण ते नाव कागदावर तीनदा लिहिलेलं होतं. म्हणजे त्यांनी तुला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. मला काळजी वाटली. सगळे गेल्यावर मी हळूच विचारलं की आता हात बरा आहे तर कान कमी झाले की काय, ऐकायला येत नव्हतं का. तर तोंड फिरवून, डोळे पुसून म्हणाले की पयल्याच खेपेक लख्ख ऐकाक इलला, पण माझा नाव लावन माझा चेडू हवेतसून बोलता हा, ता आणखी दोनदा ऐकूचा वाटला.

मामा-मामींना नमस्कार. पुढच्या रविवारी ते पुन्हा विचारतील. कंटाळा न करता सांग.

तुझी आई,
नर्मदा