तुझ्या नावावरची गाडी

बाईसाहेब,

भांडून तू विमानाने घरी गेलीस, पण तुझी मोटरसायकल या परक्या देशातच राहिली. मी ती सीमेपार न्यायला गेलो, तर कस्टमवाल्याने गाडी देशात आणतानाचा परवाना पाहून हात आडवा केला.

“ज्याच्या नावावर गाडी आत आली, त्यानेच ती बाहेर न्यायची. बाईंना बोलवा, नाहीतर गाडी इथे जमा करा.”

मी म्हटलं, “नवराबायकोत कसलं आलंय तुझं-माझं?”

“परवान्यावर लग्न कुठे लिहिलंय?”

शेवटी हातापाया पडून परवान्याची मुदत वाढवून घेतली. रोज गाडी पुसतो. अजून एका किकमध्ये सुरू होते.

हे कळलं तर तू गाडीसाठी धावत येशील, माझ्यासाठी नाही, ठाऊक आहे. म्हणूनच पत्र टाकत नाही.

कायम तुझ्या मागच्या सीटवरून गाडी हाकणारा,
नवरा