कर्ज माझ्या नावावर झालं

अहो,

तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, कागदावरही जमेना. तेव्हा अहोच.

आज सकाळी उंब्रजला, हायवेच्या कडेला आपल्या मिसळीच्या हॉटेलवर, जिच्या नावानं ते चालवायचं तुम्ही ठरवलं होतं, त्या कंपनीचा बोर्ड चढला. फोन करून तुम्हालाच सांगावं असं वाटलं. म्हणून लिहायला बसले.

फौजेतून सुटून घरी आलात, म्हटलं आता कुठं संसार सुरू होईल. तर उसाला पाणी पाजता पाजता बांधावर टेकलात, ते उठलाच नाहीत. असं कुणी जातं का हो?

तेरावं झालं आणि तुम्ही हॉटेलसाठी कर्जाचा अर्ज केला होता, त्या बँकेतून फोन आला. तुमच्या आबांना सोबत घेऊन गेले. साहेब म्हणाले, "ताई, अर्जदारच राहिले नाहीत, ही फाईल बंद करावी लागेल. तुम्हाला चालवायचं असेल तर तुमच्या नावानं नवा अर्ज करा. सरकारची हमी असते, जमीन गहाण टाकायला नको."

"करते," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण दुसरंच कुणी बोलल्यासारखा.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "पोरी, पेन्शन हाय, ऊस हाय. बाईमाणसानं हायवेला हाटेल घालून बसायचं? लोक काय म्हणतील?"

"आवं आबा, घरात बसून तरी काय करू?"

एस.टी.त ते खिडकीबाहेर बघत राहिले. तुमच्यासारखेच!

तुम्हाला एकदा विचारलं होतं, "माझ्या रश्श्याचं एवढं कौतुक करता, मग दुसऱ्याच्या नावाचं हॉटेल कशाला?" तुम्ही हसलात. "आगं, हायवेवरची गाडी नाव बघून थांबतीया. तुझ्या हाताला कोण वळखतंय?" खरं होतं. तरी लागलंच मला.

सांगलीला कंपनीच्या ट्रेनिंगला गेले. तिथं मसाला मोजून घालायचा आणि माझा हात सारखा अंदाजानं पडायचा. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काकू, रस्सा छान झालाय, पण आमचा नाही झाला. ओतून टाका." ओतला. वाईटसुद्धा वाटलं नाही. आता हुबेहूब त्यांच्यासारखा करते.

कर्ज मंजूर झालं तेव्हा साहेबांनी पेढा दिला. खाल्ला. गोड लागला का? आठवत नाही.

आज आबा पटका बांधून आले. पहिली मिसळ त्यांनाच वाढली. अर्धी संपल्यावर म्हणाले, "चव तुझी न्हाई."

मी आणखी एक पाव त्यांच्या ताटात ठेवला.

"पर बरी हाय. उद्यापासनं गल्ल्यावर मी बसतो. तू आत बघ."

उद्या पहिलं गिऱ्हाईक येईल. तुम्ही गेल्यापासून मला रडू आलेलं नाही. बायका कुजबुजतात. काय करू, येतच नाही! पण कधीतरी येईलच. तुम्हाला शब्द देते, त्या दिवशी शटर ओढून घेईन आणि पोटभर रडेन. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेवर उघडेन.

तुमची,
सुरेखा