लारीच्या कानाला तीन काप

हिरासिंग नायकाचा तांडा,
पो. पांढरकवडा, जि. यवतमाळ
ता. १२ जानेवारी १९५८

चि. उत्तमसिंग यास दादीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र माझ्या हातचं हाय. दोन हिवाळे साक्षरतेच्या वर्गात पाटी घासली ते काय उगाच नाही. दुसऱ्याच्या हातून लिहून घेतलं का आपलं घर त्याच्या तोंडी जाते. पाकीट बी मीच ज्वारीच्या खळीनं चिकटवलं. चारही कोपरे पाह्य. एखादा उचकटलेला असन तर कळव, मंग पोस्टमनले मी पाहते.

घरी सारे ठीक. कापूस वेचून झाला. काळी गाय व्याली, गोऱ्हा झाला. तुझी माय बरी हाय. तिचं तोंड जेवढं चालते तेवढे हात चालले असते तर कापूस महिनाभर आधीच घरात आला असता.

आता खरं दुखणं. तुझा दादा, माझा म्हातारा, पार लारीचा झाला. तू नागपूरले गेला तेव्हा ते लढाईतली मिलिटरीची लारी नाक्यापाशी पडून होती, आठवते का? शिटावर कोंबड्या अंडे घालत. म्हाताऱ्यानं दोन बैलजोड्या लावून ते धूड तांड्यावर ओढत आणलं. त्याचा बाप बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरला, तर याले लोखंडाचा बैल पाहिजे. भाड्यानं लावाची का म्हणून इचारलं, तर नाही. इकाची का, तर कानाले हात लावते. मंग कायले? तर म्हणे, चालली पाहिजे. बस. दिवसभर घासते, पुसते आन जिथं तिथं काळा रंग फासते. मले म्हाताऱ्याची भीती नाही. रंग खाणारा माणूस दुसरं काही खात नाही.

मले संशय अय्यूब मिस्त्रीचा. नाक्यावर दुकान हाय तोच. दर शुक्रवारी नमाज झाली का सायकलवर बोरा बांधून येते. येतानी बोरा भरलेला, जातानी बी भरलेला. आणते काय आन नेते काय? वरून मजुरी घेत नाही. फुकट राबणारे माणसं मी आजवर दोनच जातीचे पाह्यले, एक येडा आन एक चोर. अय्यूब येडा नाही.

तू मोटारीच्या कारखान्यात काम करते, म्हणून तुले इचारते. चांगलं लोखंड काढून तिथं झिजलेलं बसवलं, तर बाहेरून समजते का? खरं लिही, मले खूश कराले लिहू नको.

लोभ ठेव, आन वेळेवर जेव.

तुझी दादी
लालीबाई

•

नागपूर
ता. २१ जानेवारी १९५८

ती. दादीस उत्तमसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पाकिटाचे चारही कोपरे शाबूत आहेत. खळ मात्र अशी होती की उघडताना पत्राचा एक तुकडा तिच्यातच राहिला आणि काळ्या गाईची बातमी अर्धी गेली. गाय व्याली की मेली, ते कळवावं.

तू विचारलं म्हणून खरं लिहितो. असं होतं. आमच्याकडेही एका मिस्त्रीनं गिऱ्हाइकाचा चांगला माल काढून जुना बसवला होता. बाहेरून कोणालाच कळलं नाही, तो पकडला गेला ते त्याच्याच बढाईनं. पण दादी, सगळे मिस्त्री असे नसतात. अय्यूबचाचांनीच मला पाना धरायला शिकवलं. ते वस्तू दुकानात नेऊन ठोकून, सरळ करून आणत असतील, म्हणून बोरा दोन्ही वेळा भरलेला दिसतो. आणि मजुरीचं म्हणशील, तर त्यांनाही दादासारखाच शौक आहे. चाचा आणि हलीमाचाचींच्या घरामागे ताडपत्रीखाली चाचांची स्वतःची एक लारी उभी आहे, आपल्याच जातीची. किती वर्षं झाली, एकेक वस्तू जमवून ते तिला उभी करत आहेत. एकदा मला ताडपत्री वर करून दाखवली, तेव्हा त्यांचा चेहरा लेकीला दागिने घालणाऱ्या बापासारखा झाला होता.

तेव्हा संशय सोड. दादाला सांग, रंग लावण्याआधी गंज खरडून काढत जा, नाहीतर आतून खातो.

माझी तब्येत बरी आहे. इथल्या भाकरी कागदासारख्या, त्यावर पत्र लिहिता येईल. लोभ आहेच, तो वाढता राहो.

आपला नातू
उत्तमसिंग

•

हिरासिंग नायकाचा तांडा
ता. १४ मार्च १९५८

चि. उत्तमसिंग यास दादीचे आशीर्वाद. वि. वि.

गाय व्याली. मेली असती तर दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या.

तुझं पत्र वाचलं आन मले सारं उमजलं. तू संशय सोड म्हणून लिहिलं, पण त्याच पत्रात चोराचं घर बी दाखवलं. आपल्याच जातीची लारी! मी दुसऱ्याच दिवशी बोरं घेऊन हलीमाकडे गेलती. ते बिचारी साधी हाय, चहा ठेवाले आत गेली. मी ताडपत्री उचलली. लारी इटांवर उभी, आन आपलीची सख्खी बहीण. अय्यूब आपल्या लारीचं मांस काढून तिच्या हाडाले लावून राह्यला, दुसरं काही नाही.

पण मी पुराव्याबिगर तोंड उघडत नाही. माझ्या बापाच्या तांड्यात दोनशे बैल होते. परक्या तांड्यात बैल मिसळला तर ओळखाचा कसा? कानाच्या काठाले तीन काप. आपल्या दावणीच्या बैलाईले आजही तेच हायेत. म्हटलं, लारीले बी कान असतीनच. म्हातारा जेवून कलंडला का मी करवतीची तिकोनी कानस घेऊन लारीखाली जावो. चार दिवस घासलं. बोटं सोलली. नखाले लागन एवढे खोल, तीन-तीन काप, सात वस्तूंवर. पितळेचं टोपण, फिरवून इंजिन चालू करतात ते हॅण्डल, ब्रेकचा दांडा, स्टेअरिंगचा दांडा, आन चाकावरचे तीन पाटे, त्यातले दोन पुढचे, एक मागचा. पाटे म्हणजे ज्याच्यावर लारीचं ओझं झुलते ते. लोखंड लय कडक, पण मी बी काही लोणी नाही.

तीन शुक्रवार जाऊ दिले आन मंग पाह्यलं. टोपण हाय, हॅण्डल हाय. बाकी पाच गायब! त्या जागी दुसरे बसवले हायेत, ज्यायच्यावर माझा काप नाही. आता सांग माझा संशय खोटा म्हणून.

म्हाताऱ्याले बोलली नाही. तो त्या मिस्त्रीच्या हातचं इख बी गोड म्हणून पिईन. हिरासिंग नायकाच्या कानावर घातलं. दोन एप्रिलले नायकाच्या पोराचं, भावसिंगचं वऱ्हाड महागावाकडच्या तांड्यावर जाणार हाय, आपल्याच लारीतून. तीस माणसं, बाया-लेकरं धरून. अय्यूब तिले नाक्यापर्यंत रिकामी पळवून पाहते, पण माणसं भरून ही पहिलीच खेप. म्हातारा नवरदेवापेक्षा जास्त नटून राह्यला. त्या सकाळी साऱ्या तांड्यापुढं नायक अय्यूबले इचारीन. एकदा चोर ठरला का पुन्हा या तांड्याचं पाणी त्याले मिळणार नाही.

पत्र कोणाले दाखवू नको. लोभ असन तर तोंड बंद ठेव.

लालीबाई

•

नागपूर
ता. २७ मार्च १९५८

ती. दादीस सा. न. वि. वि.

मी कामासाठी अमरावतीला गेलो होतो. आज मी परत आल्यावर तुझं पत्र हाती पडलं. हे पत्र वाचून होताच दादाला दे. तुझी फजिती होईल ती होवो.

दादी, तू कापड फाडताना काठाला दातानं बारीक चीर देतेस ना? मग एका हिसक्यात ते सरळ फाटत जातं. पाट्याचं लोखंड तसंच असतं. दिवसातून हजार वेळा ते वाकतं आणि सरळ होतं. त्याच्या काठाला काप पडला, की तिथून तडा सुरू होतो. आधी केसाएवढा, दिसतही नाही. मग ओझं भरलं, घाट आला, की एकदम तुटतो. पाटा तुटला तर चाक तिरपं होतं. ब्रेकचा किंवा स्टेअरिंगचा दांडा तुटला तर काय होईल, ते मी लिहीत नाही.

अय्यूबचाचांनी त्या वस्तू नेल्या असतील, तर देव पावला म्हणायचं. पण खरंच नेल्या का, ते तू डोळ्यानं पाहिलं का? काप लावलेली एक जरी वस्तू लारीत उरली असली, तर ती लारी वऱ्हाड घेऊन निघता कामा नये.

तार करणार होतो. पण तांड्यावर तार येणं म्हणजे मयत. तार पाहून रडारड सुरू होईल, वाचून कोणी पाहणार नाही. यायला रजा मिळत नाही, म्हणून पत्रच टाकतो आणि सेवाभायाला हात जोडतो, की ते वेळेत पोचो.

घाईत आहे. माया असू द्यावी.

उत्तमसिंग

•

हिरासिंग नायकाचा तांडा
ता. ६ एप्रिल १९५८

चि. उत्तमसिंग यास दादीचे आशीर्वाद. वि. वि.

सारे जिवंत हायेत. हे पह्यले लिहिते, मंग बाकीचं.

तुझं पत्र वऱ्हाडाच्याच सकाळी आलं. मी हळू वाचते हे तुले ठाऊक. बाया गाणे म्हणत लारीत चढून राह्यल्या होत्या, तेव्हा मी दातानं कापड फाडण्यावर आली. पुढचं वाचलं आन लारीकडे निघाली. मंग म्हटलं, पाचही तर चोरानं नेले. म्हणजे चोरानंच वाचवलं. जराशी खाली बसली.

तेवढ्यात नायकानं अय्यूबले पुढं बोलावलं. मीच त्याच्या कानात घातलेलं, आता परत कसं काढू? नायकानं साऱ्यांपुढं इचारलं का लारीच्या पाच वस्तू कुठं गेल्या. अय्यूबनं माझ्याकडे पाह्यलं, शिटाखालून बोरा ओढला आन माझ्या पायापाशी उपडा केला. एकेका लोखंडावर माझे तीन-तीन काप.

त्यानं नायकाले सांगतलं ते ऐक. म्हणे, हाताले काप लागले तेव्हा दावणीच्या बैलाईचे कान पाह्यले, आन दादीचं काम हाय हे समजलं. त्याले वाटलं, तांड्याची काही रीत असन, लारीले नजर लागू नये म्हणून. रीतीले नाही कसं म्हणाचं, आन कापलेलं लोखंड माणसाखाली कसं ठेवाचं? म्हणून त्यानं ते काढले, पण फेकले नाहीत. शिटाखाली ठेवले, का दादीचा नेम लारीतच राहो. आन त्या जागी जे बसवले, ते त्याच्या घरामागच्या लारीचे. इतक्या वर्षांची जमवलेली. ते आता नुसती इटांवर उभी हाय.

गाणे बंद झाले. तुझ्या दादानं माझ्याकडे पाह्यलं. पन्नास वर्षांत असं पाह्यलं नव्हतं. लाथ मारली असती तर बरं झालं असतं.

मी खाली मान घालून बसली, आन मान खाली होती म्हणून मोजलं. मोजणं माझ्यानं सुटत नाही. ब्रेकचा दांडा, स्टेअरिंगचा दांडा, दोन पाटे. चार. पुन्हा मोजलं. चारच. मी म्हटलं, पाचवा कुठं हाय. झालं, सारा तांडा माझ्यावर उसळला. नायक वरडला का या बुढीले लाज नाही. तुझी माय तर सर्वांच्या आधी, तिले बरं सापडलं. अय्यूबनं अल्लाची आण घेतली, का त्याले चारच सापडले.

मी म्हटलं, माझा इश्वास हाय. हे मी त्याले पह्यल्यांदा म्हटलं, आन तेच मोठं भेव होतं. तो खोटा असता तर पाचवा त्याच्या घरी असता. तो खरा असन, तर पाचवा लारीतच होता.

इंजिन सुरू झालं होतं. मी पुढच्या चाकापुढं जाऊन मांडी घालून बसली. नायकानं मुहूर्ताची आण घातली, बाया शिव्या देऊ लागल्या. मी हलली नाही. शेवटी अय्यूबनंच इंजिन बंद केलं, आन मागच्या चाकापाशी आडवा झाला. तिथं सारं काळंकुट्ट. तुझ्या दादानं रंगाचे तीन हात मारले होते, त्यात माझे काप बुजले. मले बी त्यामुळंच दिसले नाहीत, आन पाटा गेला असं समजली. मी खुरपं दिलं, त्यानं रंग खरडला. एक, दोन, तीन. मंग त्यानं घासलेट ओतलं, पुसलं, वरून खडू फिरवला. तिसऱ्या कापापासून तड्याची एक ओली रेघ निघाली, बोटभर लांब. आमच्या डोळ्यापुढं उमटली. गाणाऱ्या बाया एकेक करून लारीतून उतरल्या, कोणी उतराले सांगतलं नाही तरी.

वऱ्हाड बैलगाड्यांनी नाक्यापर्यंत आन तिथून सर्व्हिस मोटारनं गेलं. नवरदेव उशिरा पोचला, पण साबूत पोचला. पंचांनी मले दोष दिला, मी घेतला. माफी मागाले मी अय्यूबच्या घरी गेलती. हलीमाची चूल धुपत होती, ते नीट मांडून आली. आता तुझा दादा दर शुक्रवारी तिकडे जाते, अय्यूबच्या लारीवर राबते. भाकरी मी बांधून देते. ते चालू होईस्तोवर आपली लारी जागेवर उभी राहीन.

आता तुझं काम. नागपूरच्या भंगारवाल्याईकडे त्या जातीच्या लारीचे तीन पाटे आन दोन दांडे पाह्य. एकेक हातानं चाचप, काठावर नख फिरव, मंगच पाठव. दोन पाटे आन दोन दांडे अय्यूबच्या लारीले लागतीन, एक पाटा आपल्या. किती पाठवले ते पत्रात लिही, मी इथं मोजीन.

आन एक. मी अय्यूबच्या लारीजवळून गेली का तो हातातलं काम सोडून उठते, आन माझ्या हाताकडे पाहते. काल पाणी घेऊन गेलती, तर लोट्याच्या आत बी पाह्यलं. मले राग आला नाही. मी बी तेच केलं असतं. कानस त्याच्या स्वाधीन केली, तर त्यानं दोनदा इचारलं का दुसरी तर नाही ना.

पाकिटाचे चारही कोपरे पाह्य. लोभ जेवढा हाय तेवढाच ठेव. कमी झाला तर मले मोजता येते.

तुझी दादी
लालीबाई