साहेबांचं कॉम्प्लिमेंटरी

७ मार्च
आजपासून हॉटेलात बिल भरणं बंद. बिलं मूर्ख लोक भरतात. दुपारी हिला घेऊन कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलात गेलो. मासा थंड. (कोमट असेल, पण प्रश्न तत्त्वाचा आहे.) कॅप्टनला बोलावलं. टाय लावलेलं बुजगावणं. सांगितलं, माझं खाण्यावरचं पेज आहे, चारशे बारा फॉलोअर्स. बुजगावण्याचा चेहरा पडला. जेवण कॉम्प्लिमेंटरी! हिला म्हटलं, याला म्हणतात वजन. ही पर्स विसरली म्हणून परत आत गेली. बायकांची डोकी.

१४ मार्च
तेच हॉटेल. पुडिंगमध्ये केस. माझा असूच शकत नाही, हे माझ्याकडे बघून कोणीही मान्य करेल. (हिचा होता.) वेटर हात जोडून उभा. लांबोडका, रडका चेहरा. असल्यांना नोकरी देतं कोण? पुन्हा कॉम्प्लिमेंटरी. ही छत्री विसरली, पुन्हा आत.

२१ मार्च
ही म्हणते, आपलं जेवण त्या वेटरच्या पगारातून कापतात, त्यानेच सांगितलं. म्हटलं, कापत असतील तर उत्तमच, शिस्त लागेल. आणि असला खर्च मालक सोसतो, त्याला जाहिरात म्हणतात. इकॉनॉमिक्स हिच्या डोक्यावरून जातं. आज तक्रारीचीही गरज पडली नाही. बसलो, खाल्लं, उठलो. बिल आलंच नाही. दबदबा! ही चष्मा विसरली. डॉक्टरला दाखवायला हवं.

२५ मार्च
हिने शिवणाचा आणखी एक क्लास सुरू केलाय. आता दुपारीही मशीनची खडखड. म्हटलं, एवढी हाव कशाला? बाहेर जेवायचा खर्च तर मी शून्यावर आणलाय. ही हसली. कौतुकच असणार.

३० मार्च
ऑफिसात जाहीर केलं. शनिवारी दुपारी आठ जणांना माझ्यातर्फे जेवण. साहेबसुद्धा येणार. प्रमोशन खिशात. ही बहिणीकडे चाललीय, बरंच झालं. उगाच काहीतरी विसरत बसली असती.

४ एप्रिल, दुपारी ४
बिल आलं.
बुजगावण्याला म्हटलं, चूक झालीय. म्हणाला, नाही सर, नऊच माणसं धरलीत. पेज दाखवलं. चारशे नऊ फॉलोअर्स. (तिघे गद्दार.) मग मालक आला. सगळ्यांसमोर म्हणाला, आमच्याकडे कॉम्प्लिमेंटरी फक्त पाणी. तुमचं आजवरचं सगळं तुमच्या मिसेसनी भरलंय. आज आल्या नाहीत का त्या?
हेडक्लार्क खोकला. माझं कार्ड चाललं नाही. बँकेचा नालायकपणा. पैसे साहेबांनी भरले.

५ एप्रिल
ही परत आली. जाब विचारला. शांतपणे म्हणाली, त्या वेटरला दोन लेकी आहेत. त्याच्या पोटावर पाय देऊन मला घास गेला नसता. आणि तुम्ही इतके खूश होतात, म्हटलं राहू देत खूश. मी ओरडलो, निदान मला सांगायचंस! म्हणाली, सांगितलं होतं. आणि मशीनवर बसली. मी न जेवताच झोपलो. दमलो असेन.

११ एप्रिल
ठरवलं, त्याच हॉटेलात जायचं आणि बिलाचे पैसे तोंडावर फेकायचे. हिला आग्रह करून नेलं. लांबोडक्याने हिला खुर्ची ओढून दिली, धाकटीचा रिझल्ट सांगितला. मला मेनू दिला. दोन सूप मागवली. बिलात एकच. म्हटलं, दोनपर्यंतही मोजता येत नाही का? तो हिच्याकडे बघून म्हणाला, ताईंचं सूप आम्हा वेटरांकडून.
एका सूपाचे पैसे भरले.